पहिल्या पावसानंतर उडणारे मुंगळे: पंख कोणाला आणि कशासाठी?

पागोळी | १६ जून, रात्री ९.४०

परवा, १४ जूनला, आमच्याकडे कुडाळजवळ दुपारी तासभर चांगला पाऊस पडला आणि संध्याकाळी आभाळ मोकळे होऊन वारा अगदी पडला. साडेसहाच्या सुमारास खळ्याच्या कडेच्या गडग्यातून, जांभ्या चिऱ्यांच्या एका फटीतून, काळे मुंगळे बाहेर येऊ लागले. नेहमीच्या बिनपंखी मुंगळ्यांबरोबर त्यांत पंखांचे दोन प्रकारचे मुंगळे होते. काही मोठे, भरल्या पाठीचे आणि जड पोटाचे होते, तर काही त्यांच्या निम्म्याहून लहान, सडपातळ आणि बारीक डोक्याचे होते. बिनपंखी मुंगळे अतिशय अस्वस्थपणे भोवती धावत होते आणि पंखवाल्यांपैकी काहींना पायाला धरून पुन्हा फटीत ओढत होते. वीसेक मिनिटे हा प्रकार चालला. मग लहान मुंगळे चिऱ्याच्या टोकावर चढून उडाले, त्यांच्या पाठोपाठ मोठेही उडाले आणि अंधार पडेपर्यंत फट पूर्ववत शांत झाली.

माझ्या सासूबाई लगेच म्हणाल्या, "मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले म्हणून समजावे." ही म्हण आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. परंतु माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले की मरायचेच असेल, तर मुंगी पंख लावून घेण्याचा खटाटोप करतेच कशाला? मला उत्तर देता आले नाही, आणि काहीतरी सांगून तिला गप्प करणे मला पटले नाही. म्हणून हा धागा काढत आहे. काल गडग्यावर हिंडणाऱ्या मुंगळ्यांनाच आज पंख येतात का, त्यासाठी नेमका हाच दिवस कसा ठरतो आणि उडून ते जातात कोठे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सह्यवाट | १६ जून, रात्री ११.१५

पागोळीताई, आपण इतके बारकाईने पाहिले आहे की उत्तराचा अर्धा भाग आपल्या वर्णनातच आहे.

पहिली गोष्ट अशी की काल हिंडणाऱ्या मुंगळ्याला आज पंख फुटत नाहीत, आणि पुढेही कधी फुटणार नाहीत. मुंगीचे आयुष्य फुलपाखरासारखेच अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्थांचे असते. कोषातून बाहेर पडलेली मुंगी नंतर वाढत नाही आणि तिच्या शरीराला नवा अवयव येत नाही. ज्यांना पंख असतात, त्या कोषातून पंखांसहच बाहेर येतात. दगड उचलल्यावर मुंगळे तोंडात धरून जे पांढरे, तांदळासारखे दाणे पळवून नेतात, त्यांना आपण अंडी म्हणतो, पण ते बहुतेक वेळा कोष असतात. पंखवाले मुंगळे अशाच कोषांतून निघतात आणि योग्य दिवस येईपर्यंत घराच्या आतच थांबतात. म्हणूनच ते एरवी आपल्या दृष्टीस पडत नाहीत.

आपण पाहिलेले मोठे मुंगळे म्हणजे भावी राण्या आणि लहान, बारीक डोक्याचे ते नर. वर्णनावरून ही आपल्याकडची सर्वत्र आढळणारी मोठी काळी जात, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, असावी. बिनपंखी मुंगळे सर्वच्या सर्व माद्या असतात. आपण त्यांना 'तो मुंगळा' म्हणतो, पण गुळाच्या ढेपेला लागलेला प्रत्येक मुंगळा ही कामकरी मादी असते, आणि नर आपल्याला वर्षातून जेमतेम एखाद्या संध्याकाळी दिसतो.

हे लिंग ठरण्याची रीत मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या या एकाच गणातील कीटकांत सारखी आहे. राणीने फलित न केलेले अंडे घातले, तर त्यातून नर जन्मतो. फलित अंड्यातून मादी जन्मते. त्यामुळे नर मुंगळ्याला बाप नसतो, मात्र आईकडून आजोबा असतो. मादी अळीची पुढे राणी व्हावी की कामकरी, हे बहुतेक जातींत तिला मिळणारे अन्न, तापमान आणि वसाहतीची स्थिती यांवर ठरते. म्हणजे एकाच आईच्या दोन सारख्या अंड्यांपैकी एकीला पंख मिळतात आणि दुसरीला मिळत नाहीत.

मला स्वतःला यातला सर्वांत विलक्षण भाग पुढे आहे. पंख घडवणारी जनुके कामकरी मुंगीतही शाबूत असतात. एहाब अबूहेफ आणि ग्रेगरी रे यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की पंख घडवणारी जनुकांची साखळी राणीच्या अळीत शेवटपर्यंत चालते, कामकरी अळीत ती मध्येच कोठेतरी तुटते, आणि ती कोठे तुटते हे जातीगणिक वेगळे असते. फळमाशीत पंख घडवणारी साखळीही हीच आहे. तेव्हा मुलीला सांगताना "काही मुंग्यांना पंख फुटतात" असे म्हणण्याऐवजी "बहुतेक मुंग्यांचे पंख घडता घडता थांबवले जातात" असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल.

वैनगंगा | १७ जून, सकाळी ७.०५

माहितीबद्दल आभार. आमच्या भंडारा भागात मात्र पहिल्या पावसाच्या रात्री ट्यूबलाइटभोवती हजारो उडत्या मुंग्या जमतात, जमिनीवर पडताच पंख टाकतात आणि सकाळी ओसरीवरून सूपभर पंख झाडून काढावे लागतात. त्यांना आम्ही उधईचे पाखरू म्हणतो. ही त्याच मुंग्यांची दुसरी जात आहे का?

सह्यवाट | १७ जून, सकाळी ८.३०

नाही. तुमच्याकडील नाव अगदी बरोबर आहे. ती उधई, म्हणजे वाळवी आहे, आणि वाळवी मुंगी नव्हे. मुंगी गांधीलमाशीची नातलग आहे, तर वाळवी झुरळाची. दोघींची समाजरचना सारखी दिसते, पण ती त्यांनी स्वतंत्रपणे घडवलेली आहे.

ओळखण्यासाठी कंबर पाहावी. मुंगीची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते, तर वाळवीचे शरीर एकसारखे जाड असते. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, तर वाळवीच्या मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या दिसतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात आणि वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे, शरीराबाहेर बरेच मागे पसरलेले असतात. सूपभर पंख झाडावे लागले, तर ती वाळवीच समजावी.

आपल्या भाषेच्या दृष्टीनेही येथे एक गंमतीची गोष्ट आहे. वाळवीला कोषावस्था नसते. तिच्या पिलांच्या पाठीवर पंखांचे कोंब येतात आणि प्रत्येक वेळी कात टाकताना ते वाढत जातात. म्हणजे 'पंख फुटणे' हा शब्दप्रयोग मुंगीला लागू पडत नाही, पण वाळवीला अक्षरशः लागू पडतो. आपली म्हण मुळात वाळवी पाहून सुचली असावी, असे मला वाटते, कारण पहिल्या पावसात दिव्याखाली ढिगांनी मरून पडलेली असते ती तीच.

दुसरा मोठा फरक जमिनीवर उतरल्यानंतर दिसतो. वाळवीची जोडी पंख टाकून एकामागे एक चालत बीळ शोधते, आणि नर पुढे राजा म्हणून राणीबरोबर राहतो. मुंग्यांमध्ये नराची भूमिका मीलनापाशी संपते.

माळरान | १७ जून, दुपारी १.२०

पागोळीताईंच्या वर्णनातील एका गोष्टीबद्दल मला वेगळे वाटते. पंखवाले मुंगळे घरात बसून खातात आणि काहीच काम करत नाहीत. पावसाळा सुरू झाल्यावर कामकरी मुंगळे त्यांना हुसकावून लावत असतील, आणि पायाला धरून ओढणे हा त्याचाच भाग असेल. आमच्या शेतात मधपेट्या आहेत, आणि अन्नाची टंचाई आली की मधमाश्या नरांना अशाच ओढून बाहेर टाकताना मी पाहिल्या आहेत.

पागोळी | १७ जून, दुपारी ३.००

माळरान, आपला तर्क मलाही आधी सुचला होता. परंतु मी पाहिले तेव्हा ओढण्याची दिशा उलटी होती. पंखवाले बाहेर येत होते आणि कामकरी त्यांना आत नेत होते. हे मी खात्रीने सांगते, कारण एका नराला तीन वेळा आत नेलेले आम्ही मायलेकींनी मोजले.

सह्यवाट | १७ जून, रात्री १०.१०

मधमाश्यांबद्दल माळरान यांचे निरीक्षण योग्यच आहे, पण येथे ताईंनी मोजलेल्या त्या तीन वेळा निर्णायक आहेत. कामकरी मुंगळे पंखवाल्यांना हुसकावत नव्हते, तर वेळेआधी उडू देत नव्हते. इतर जातींतही असेच दिसते. उड्डाणाच्या दिवशी कामकरी बाहेर पडण्याची वाट रुंद करतात, बाहेर पहारा देतात आणि घाईने निघालेल्यांना माघारी नेतात.

असे करण्याचे कारण समजून घेतले की 'हाच दिवस का' याचेही उत्तर मिळते. राणी आयुष्यात बहुधा एकदाच उडते. त्या एका उड्डाणात तिला दुसऱ्या घरातला नर भेटला पाहिजे, कारण तिच्या स्वतःच्या घरातले नर तिचे भाऊ असतात. दुसऱ्या गडग्यातल्या वसाहतीशी निरोपांची देवघेव होत नाही. मग दोन्ही घरांनी एकच संध्याकाळ कशी निवडावी? दोघांनाही सारखीच कळेल अशी खूण लागते, आणि तशी खूण हवामानाची असते. पाऊस पडून गेलेला असावा, हवा उबदार आणि दमट असावी आणि वारा नसावा, या अटी जुळल्या की परिसरातील एकाच जातीच्या अनेक वसाहती काही तासांच्या आत उडतात. प्रत्येक जातीची वेळही ठरलेली असते. कोणी भर दुपारी, कोणी तिन्हीसांजेला, तर कोणी पहाटे उडते, आणि त्यामुळे वेगवेगळ्या जातींची हवेत सरमिसळ होत नाही.

पावसाचा दुसरा उपयोग म्हणजे ओली, मऊ झालेली माती. उतरल्यानंतर राणीला एकटीला बीळ खणायचे असते, आणि मे महिन्यातील जांभ्याच्या टणक भुईत ते जमणार नाही. वारा नको याचे कारण उघड आहे.

घरातल्या घरात शेवटचा इशारा कसा मिळतो, हेही एका जातीत नीट तपासले गेले आहे. बर्ट होल्डोब्लर आणि उल्रिख माश्विट्झ यांनी १९६५ मध्ये युरोपातील कॅम्पोनोटस हर्क्युलिॲनस या मुंगळ्यांच्या भाऊबंदांवर काम केले. नर उडताना जबड्याच्या ग्रंथीतून एक वास सोडतात आणि त्या वासाने राण्या एकदम उड्डाण घेतात, असे त्यांना आढळले. ताई, आपल्याकडेही आधी लहान उडाले आणि मागोमाग मोठे, हा क्रम आपण लिहिलाच आहे.

माळरान | १८ जून, सकाळी ६.५०

तीन वेळा मोजले असेल, तर माझा तर्क मी मागे घेतो. मधपेटीवरून मुंगळ्यांचा निष्कर्ष काढणे बरोबर नव्हते.

तेरेखोल | १८ जून, रात्री ८.२५

एकाच वेळी उडण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि आम्हा पक्षी पाहणाऱ्यांना ते दरवर्षी दिसते. उड्डाण सुरू झाले की कोतवाल, वेडे राघू आणि पाकोळ्या क्षणात जमतात. घारीसुद्धा वर घिरट्या घालत पंजाने एकेक कीटक पकडून उडता उडता खातात. खाली बेडूक, पाली, कोळी आणि दुसऱ्या जातींच्या मुंग्या टपलेल्या असतात. रोज थोड्या थोड्या राण्या उडाल्या असत्या, तर त्यातली एकही उरली नसती. एका संध्याकाळी शेकडो उडाल्या की खाणाऱ्यांची पोटे भरतात आणि काही निसटतात.

आमच्याकडे गोव्यात आणि दक्षिण कोकणात आंब्या-काजूवर पाने विणून घर करणारे तांबडे हुमले असतात. त्यांच्या राणीचा रंग हिरवट असतो आणि ती जमिनीत न शिरता पानाच्या वळलेल्या खोबणीत पहिली अंडी घालते. पावसाळ्याच्या तोंडावर काजूच्या बागेत फिरताना पानाच्या मागच्या बाजूला पंख नसलेली, हिरवट, एकटीच बसलेली मोठी मुंगी दिसली, तर कृपया ती पुसून टाकू नये.

कातळसडा | १९ जून, रात्री १०.४५

आतापर्यंतची चर्चा वाचून कोणाचा असा समज होऊ नये की राणी आणि नर उडतात व कामकरी उडत नाहीत, हा सर्व मुंग्यांचा नियम आहे. अपवाद पाहिले की पंखांचे मोल अधिक चांगले कळते.

पावसाळ्यात दिव्यावर कधीकधी बोटाच्या दोन पेरांएवढा, जाड, तपकिरी, केसाळ आणि शेवटी वाकलेल्या पोटाचा कीटक आदळतो. लोक त्याला गांधीलमाशी समजून मारतात. तो डोरायलस या जमिनीखाली फौजेने हिंडणाऱ्या मुंग्यांचा नर असतो. या मुंग्यांच्या राणीला जन्मभर पंख नसतात आणि दृष्टीही नसते. उडून नवी वसाहत वसवण्याऐवजी येथे मूळ वसाहतच दुभंगते. नराने चालत्या फौजेपर्यंत पोहोचायचे असते, आणि तेथे पोहोचल्यावर कामकरी मुंग्या त्याचे पंख तोडून त्याला राणीकडे नेतात.

दुसरा अपवाद डायाकॅमा या काळसर, खरबरीत अंगाच्या मुंग्यांचा आहे. त्यांच्यात राणी नावाचा वेगळा प्रकारच नसतो. कोषातून निघालेल्या प्रत्येक मादीच्या पाठीवर, इतर मुंग्यांत जेथे पुढचे पंख असतात तेथे, कळीसारखे दोन लहान अवयव असतात, आणि ते पुढच्या पंखांचेच अवशेष मानले जातात. वसाहतीतील अंडी घालणारी मादी नव्याने निघालेल्या मुंग्यांच्या त्या कळ्या चावून तोडते. कळ्या तुटलेली मुंगी पुढे कधी मीलन करत नाही. उडण्याच्या कामी न येणाऱ्या दोन कळ्यांवर येथे कोणाला संतती होणार हे ठरते.

तिसरे उदाहरण मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांच्याशी जोडलेले आहे. मुंग्या जमवण्याचा त्यांना ध्यास होता, आणि त्यांच्या नावावरून एका इवल्या मुंगीला कार्डिओकाँडिला रॉटोनी हे नाव मिळाले. तिचा बिनपंखी नर इतर मुंग्यांच्या नरांपेक्षा इतका वेगळा दिसला की स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेल यांनी १८९० मध्ये त्याच्यासाठी नवीन वंशनाम योजले होते. या वंशातील काही जातींत नर दोन प्रकारचे असतात. बिनपंखी नर घर न सोडता आपसांत मरेपर्यंत लढतात, आणि पंखवाले नर दूर जाऊ शकतात. जवळच्याच ऑब्स्क्युरिऑर या जातीत पंखवाल्या नरांच्या अंगाला कोवळ्या राण्यांसारखा वास असतो, त्यामुळे लढवय्ये नर त्यांच्यावर हल्ला करत नाहीत, असे २००२ मध्ये दाखवले गेले. तापमान अचानक घसरले की ही जात पंखवाले नर अधिक जन्माला घालते. घर सोडण्याची पाळी येण्याची शक्यता वाढली की पंख तयार होतात, असा त्याचा अर्थ मला लागतो.

वैनगंगा | २० जून, सकाळी ७.१५

घरात शिरलेल्या उडत्या मुंग्यांवर फवारणी करावी का, असे शेजारी विचारत आहेत.

सह्यवाट | २० जून, सकाळी ९.००

मुळीच गरज नाही. अर्धा-एक तास बाहेरचे आणि खिडकीजवळचे दिवे मालवावेत. मुंग्या दिव्यामुळे भरकटून आलेल्या असतात आणि काळोख झाला की निघून जातात. वाळवी मात्र घराच्या आतूनच, भिंतीतून किंवा चौकटीतून निघत असेल, तर लाकूड तपासून घ्यावे, कारण वसाहत तेथेच आहे असे समजावे.

पागोळी | २१ जून, रात्री ९.३०

सर्वांचे मनापासून आभार. हे सारे मुलीला आणि सासूबाईंना वाचून दाखवले. सासूबाईंनी विचारलेला प्रश्न मात्र मला महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणाल्या, "मग म्हण खोटी का?"

सह्यवाट | २१ जून, रात्री १०.५०

आजींना सांगावे की नरांच्या बाबतीत म्हण खरी आहे. बहुतेक नर उड्डाणानंतर काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत मरतात. बहुसंख्य राण्यांच्या बाबतीतही ती खरी ठरते, कारण तेरेखोल यांनी लिहिल्याप्रमाणे बहुतेक राण्या कोणाच्या तरी पोटात जातात.

परंतु जी वाचते, तिच्याबाबत म्हण पूर्ण उलटी होते. जमिनीवर उतरल्यावर ती स्वतःच्या पायांनी पंख मोडून टाकते. पंखाच्या मुळाशी त्यासाठी ठरलेली कमकुवत रेघ असते. मग ती बीळ खणते, आतून तोंड बुजवते आणि अंडी घालते. पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडेपर्यंत मुंगळ्यांची राणी काहीही खात नाही. एवढे दिवस ती स्वतः जगते आणि अळ्यांनाही भरवते, ते आपल्या अंगातील चरबीवर आणि उड्डाणाच्या स्नायूंवर. ताईंनी जी 'भरली पाठ' पाहिली, ती या स्नायूंनी भरलेली असते. पंख गेल्यावर ते स्नायू विरघळतात आणि त्यांचेच पहिल्या पिलांसाठी अन्न होते. त्या संध्याकाळी मिळालेले शुक्राणू ती शरीरातील एका पिशवीत आयुष्यभर जिवंत ठेवते आणि एकेक अंडे फलित करत राहते. युरोपातील लासियस नायजर या काळ्या बागमुंगीची एक राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. कीटकाच्या मानाने हे आयुष्य अचाट आहे, आणि ते ज्यांना पंख मिळाले त्यांच्याच वाट्याला येते. बिनपंखी कामकरी इतकी जगत नाही.

पागोळी | ३० जुलै, रात्री ८.५०

उशिरा लिहीत आहे, कारण एक गोष्ट पूर्ण होण्याची वाट पाहत होते. १४ जूनच्या रात्री पडवीच्या पायरीवर एकच पंख उरलेली एक राणी सापडली होती. मुलीच्या आग्रहाने आम्ही तिला काचेच्या नळीत ठेवले. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणीपुरती जागा आणि तोंडाशी पुन्हा कापूस, अशी रचना करून नळी कपाटात अंधारात ठेवली. तो उरलेला पंखही तिने त्याच रात्री टाकला. चौथ्या दिवशी अंडी दिसली, जुलैच्या पहिल्या आठवड्यात अळ्या फुगल्या, नंतर कोष झाले. सह्यवाट यांनी सांगितल्याप्रमाणे तिला आम्ही काहीही खायला दिले नाही, आणि मुलीला ते फार जड गेले.

२८ जुलैला पहिली कामकरी बाहेर आली. ती गडग्यावरच्या मुंगळ्यांच्या निम्म्यानेही नव्हती. काल आणखी दोघी आल्या, तेव्हा मधाचा एक थेंब नळीत ठेवला. पहिल्या मुंगीने तो प्यायला आणि परत जाऊन राणीच्या तोंडाला तोंड लावले. ४५ दिवसांनंतरचे राणीचे ते पहिले अन्न होते.

नळी जुन्या फटीजवळ न्यायला मुलीने नकार दिला. ही राणी तेथेच जन्मली असली, तरी ते मुंगळे आता तिला आपली मानणार नाहीत, हे तिने कोठेतरी वाचले आहे आणि ते बरोबर आहे. म्हणून आज सकाळी गडग्याच्या दुसऱ्या टोकाला, फणसाच्या मुळाशी, ओल्या मातीत नळी आडवी ठेवून वरचा कापूस काढला आणि वर करवंटी पालथी घातली. संध्याकाळी करवंटी उचलून पाहिली तेव्हा नळी रिकामी होती, आणि शेजारच्या भेगेच्या तोंडाशी मोहरीएवढे मातीचे सात-आठ ताजे कण बाहेर काढून ठेवलेले होते.